पावलावरची निळी रेघ

आमच्या सरांना माणसं फारशी आवडायची नाहीत. पाय आवडायचे. पेशंट आत आला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. थेट खाली बघायचे आणि म्हणायचे, "मोजे काढा." नाव, वय, काय होतंय, हे सगळं त्यानंतर. मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. माझं नाव त्यांच्या तोंडात बसायला पहिलं दीड वर्ष गेलं, पण मी चप्पल बदलली तेव्हा "टाच दुखते का गं?" असं त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं.

मागच्या वर्षी सर गेले. चेंबूरला शोकसभा झाली, तिला मी गेले होते. आमच्या सेंटरचे मालक उभे राहिले आणि म्हणाले, "हिरा माणूस. अशी माणसं आता होणे नाही." दोन वर्षांपूर्वी याच हिऱ्याला त्यांनी कामावरून काढून सेंटरच्या पायऱ्या उतरायला लावल्या होत्या. मी शेवटच्या रांगेत बसून होते. माझ्यावर बोलायची वेळ आली नाही ते बरं झालं, कारण मला सरांचा राग येतो. अजून येतो. त्याच्या दुप्पट माझा स्वतःचा येतो, पण तो नंतर सांगते.

घाटकोपरला एका फरसाणवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचं सेंटर. पोटाची, गरोदर बायकांची सोनोग्राफी दुसरे डॉक्टर करायचे. सर फक्त पाय करायचे. पायाच्या धमन्या कुठे तुंबल्यात ते डॉप्लरवर शोधायचं, एवढंच त्यांचं काम. डॉप्लर म्हणजे सोनोग्राफीच, फक्त तिच्यात रक्त वाहताना ऐकू येतं. सर बोलणार, मी कॉम्प्युटरवर रिपोर्ट उतरवून घेणार.

अख्ख्या सेंटरला एसी होता, सरांच्या खोलीला नव्हता. बसवलेला त्यांनी काढायला लावला. "गारठ्यात धमन्या आवळतात, आणि मग तुम्ही बोंब मारता, ब्लॉक आहे, ब्लॉक आहे." मे महिन्यात पेशंट घामाने निथळत पडलेला असायचा आणि सर गळ्यात टॉवेल टाकून त्याच्या पायावर ब्लँकेट घालत असायचे. मशीन चालू करण्याआधी पंधरा मिनिटं पेशंटनं गप्प पडून राहायचं. मग सर गरम पाण्याच्या पिशवीवर आपले तळवे शेकायचे, त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. बोटांनी नाडी शोधायचे. सापडली की शर्टाच्या खिशातला निळा मार्कर काढून, ती जिथून जाते तिथे कातडीवर रेघ ओढायचे. बॉलपेन चालायचं नाही, दुखऱ्या पायाला टोचतं म्हणून. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला निळा डाग होता.

आवाज मोठा ठेवायचे. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही आतल्या पायाचं रक्त ऐकू यायचं. "धडधाकट धमनी एका ठोक्यात तीनदा बोलते," सर सांगायचे, "आजारी एकदाच बोलते, तेही कण्हल्यासारखं. आधी ऐका, मग बघा."

आणखी एक खूळ. चालताना पोटरी दुखते असं पेशंट म्हणाला की सर त्याला घेऊन खाली उतरायचे. फरसाणवाल्यापासून स्टेशनच्या दिशेनं त्याच्यासोबत चालत जायचे आणि दुकानं मोजायचे. पाय जिथे भरून येईल तिथे थांबायचे. उभ्याउभ्या दुखणं ओसरलं तर धमनी, बसावंच लागलं तर कंबरेचे मणके, हा त्यांचा हिशेब. पेशंट मीटर विसरतो, दुकान विसरत नाही, म्हणून रिपोर्टातही तसंच घालायचे. अंतर : अकरा दुकानं. मोठ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनी ते वाचून काय हसून घेतलं असेल ते मला न सांगता कळत होतं. टाइप करताना मलाच लाज वाटायची.

एकदा मीच शहाणपणा केला. पाच पेशंट खोळंबले होते आणि सर चौथ्याच्या घोट्याशी अडून बसले होते. नॉर्मल रिपोर्टचा तयार मजकूर कॉम्प्युटरमध्ये असतो, सगळीकडेच असतो. मी तो उचलला, त्या चौथ्याचं नाव घातलं आणि प्रिंट काढून सहीला ठेवला. सरांनी वाचला, फाडला, मला आत बोलावलं आणि त्याच पेशंटच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"चप्पल काढ. पावलावर बोट ठेव. स्वतःची नाडी शोध."

"सर, बाहेर पाच जण..."

"सापडली की बाहेर जा."

मला वीस मिनिटं लागली. परक्या माणसासमोर चुडीदार वर करून मी माझंच पाऊल चाचपत होते आणि माझे डोळे भरून आले होते. शेवटी बोटाखाली काहीतरी टपटपलं. सर म्हणाले, "हं. आता लिही नॉर्मल." शाबासकी वगैरे काही नाही. ती चीज त्यांच्याकडे नव्हतीच.

मालकांनी सीटीचं मशीन घेतलं तेव्हापासून सरांचं बिनसलं. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून औषध सोडतात आणि काही मिनिटांत कंबरेपासून अंगठ्यापर्यंतच्या सगळ्या धमन्यांचं रंगीत चित्र निघतं. पेशंट खूश, सर्जन खूश. मालक मला म्हणायचे, "तुझ्या सरांना सांग ना यार. एका पायाला सव्वा तास? वाट लागली आपली."

सर सीटीला नावं ठेवायचे नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. म्हणायचे, मांडीतला ब्लॉक सीटीत झकास दिसतो, मला जमणार नाही इतका. त्यांचं भांडण गुडघ्याखाली सुरू व्हायचं. डायबेटीसवाल्यांच्या बारीक धमन्यांत चुना साचतो. तो चित्रात इतका चमकतो की मधून वाट आहे की नाही ते कळत नाही. दंड आणि घोटा यांचा दाब मोजून तुलना करतात, ती चाचणीही अशा पायांत फसते, कारण कडक झालेली धमनी पट्ट्यानं दाबलीच जात नाही. एमआरआयला चुन्याचा त्रास नाही, पण किडनी बरी नसेल तर तिथलं औषध सांभाळून द्यावं लागतं, आणि ज्याच्या छातीत जुना पेसमेकर बसवलाय त्याला आत घेताना दहादा विचार करतात. जांघेत सुई घालून थेट धमनीत औषध सोडायचं ती अँजिओग्राफी सगळ्यात खात्रीची, पण ती पडली टोचाटोचीची. हे सगळं सर पेशंटला सांगत बसायचे. पेशंट माझ्याकडे बघायचा, मी घड्याळाकडे.

एकदा मी विचारलं, "सर, सीटीत धमनी दिसली नाही म्हणजे ती बंदच ना?"

"तू राहतेस कुठे?"

"भटवाडीला. टेकडीवर."

"पाणी किती वाजता येतं?"

"खाली साडेपाचला सोडतात. आमचं शेवटचं घर. आमच्याकडे यायला सहा वाजून जातात."

"मी साडेपाचला येऊन तुझा नळ उघडला तर?"

"कोरडाच असणार."

"म्हणून मी लिहून टाकायचं, या घरात पाणी येत नाही? वर धमनी तुंबली की औषध खाली उशिरा पोचतं गं. मशीन आधीच फोटो काढून मोकळं होतं. नळ कोरडा दिसला तर थांबून परत बघायचं असतं."

मला ते कळलं. भटवाडीच्या शेवटच्या घरातल्या मुलीला नाही कळणार तर कोणाला कळणार?

पण सरांचं तोंड! ते तोंड त्यांना भोवलं आणि आम्हालाही. चुकीचा पेशंट आला की पाठवणाऱ्या डॉक्टरला फोन लावून विचारायचे, "डिग्री घेताना पाय ऑप्शनला टाकले होते का?" पेशंटसमोर. हळूहळू डॉक्टरांनी पेशंट पाठवणं थांबवलं. आणि फोन परवडला म्हणावा, रिपोर्टात शेवटी हातानं एखादी ओळ लिहायचे ती त्याहून वाईट. मी टाइप करणार नाही हे ठाऊक असल्यामुळे हातानं.

आता माझ्या बाबांचं सांगते.

बाबा मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर साकीनाक्याला एका गाळ्यात वॉचमन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पंधरा वर्षांचा डायबेटीस, आणि त्याच्याही आधीपासूनची विडी. डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली, ती भरेना, काळी पडायला लागली. आई नाही, घरात आम्ही दोघंच. मी त्यांना सरांकडे घेऊन गेले. दुकानं मोजायला सर त्यांना खाली घेऊन गेले. चार दुकानं झाली आणि बाबा पानवाल्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

वर आल्यावर सरांनी तळवे शेकले आणि पाऊल हातात घेतलं. डोळे मिटून ते बराच वेळ नाडी शोधत राहिले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चेडवा, हो डॉक्टर पाय बघता की पत्रिका?"

सर हसले. आठ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग बोटं सोडून त्यांनी मशीनचा प्रोब पायाला लावला. गुडघ्याखाली एक धमनी बंद, दुसरी बंद. तिसरीही मध्ये बंद, पण घोट्याच्या वर चार बोटांवर तिच्यात आजूबाजूच्या बारीक वाटांनी रक्त परत येत होतं. कमकुवत होतं, पण होतं. सरांनी आवाज वाढवला.

"ऐकतेस? ही जिवंत आहे. वरून बायपास आणून इथे जोडता येईल. पाय वाचेल."

मी ऐकलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं. सरांनी मार्कर काढला आणि नडगीच्या खालच्या भागापासून पावलाच्या पाठीवर अंगठ्याच्या दिशेनं एक लांब निळी रेघ ओढली.

रिपोर्टात त्यांनी सगळं लिहिलं. कुठली धमनी, किती वर, सीटीत दिसली नाही तर सुईची अँजिओग्राफी करूनच निर्णय घ्यावा, सगळं. मागच्या बाजूला पायाचं चित्र काढलं. आणि प्रिंटवर शेवटी हातानं लिहिलं : सर्जननं आधी पाय हातात घ्यावा, मग चित्रं बघावीत. जमत नसल्यास माझ्याकडे शिकायला यावं.

तो कागद घेऊन मी मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेले. बेड मिळायला आधीच दोन दिवस गेले होते, बाबांना ताप भरला होता. तिथल्या सर्जननी आल्याआल्या सीटी करायला सांगितलं. चांगला माणूस होता, हे खोटं कशाला बोलू? चाळिशीचा, शांत, बाबांना "काका" म्हणणारा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आधी काही तपासण्या झाल्यात?"

कागद पर्समध्ये होता. माझा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला. डोळ्यांपुढे ती शेवटची ओळ आली. माझ्याकडे शिकायला यावं. वाटलं, हा माणूस वाचेल, चिडेल, आणि बाबांचा बेड जाईल. गरिबाला बेड मिळाला की तो वाघाच्या पाठीवर बसल्यासारखा बसतो, हलत नाही, बोलत नाही. वर ती "चार दुकानं". मी म्हणाले, "नाही, काही खास नाही."

सीटी झाला. सर्जननी स्क्रीनवर दाखवला. मांडीत रंग, गुडघ्यापर्यंत रंग, आणि खाली नुसते चुन्याचे पांढरे ठिपके. "बायपास जोडायला खाली काही शिल्लकच नाही, ताई. इन्फेक्शन वर चढतंय. पाय ठेवला तर काका जातील." मला आमचा नळ आठवला. खरंच आठवला. साडेपाच वाजता उघडलेला. पण मी नुसतं 'बरं' म्हणाले. पांढरा कोट, मोठं मशीन, आणि मी बारावी पास टायपिस्ट.

ऑपरेशनच्या सकाळी ते राउंडला आले. बाबा जागे होते. पाय उघडा होता. जखमेमुळे पाय भिजवायचा नव्हता, त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधूनच मी बाबांचं अंग पुसायचे, त्यामुळे रेघ जशीच्या तशी होती. सर्जन वाकले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"ही कसली खूण? कोणी काढली?"

या घडीला मी हजार वेळा परत गेलेय. सेंटरच्या कपाटात सरांचा पेनाएवढा छोटा डॉप्लर होता, रिक्षानं जाऊन तासाभरात आणता आला असता. त्या रेघेवर टेकवायचा, आवाज वाढवायचा. दोन मिनिटांचं काम. नाहीतर नुसतं सांगायचं, सर, इथे मी रक्त ऐकलंय. एवढं वाक्य.

मी म्हणाले, "काही नाही, सर. असंच. आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर आहेत, ते काढतात."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बेडकडे गेले. बाबा माझ्याकडे बघत होते.

दुपारी वॉर्डबॉयनं विचारलं, पाय हॉस्पिटल बघेल की तुम्ही नेणार? काही लोक पुरायला नेतात. मी सही करून टाकली, हॉस्पिटलनंच बघावं. पण सही करण्याआधी दाखवावं लागतं म्हणून त्यानं कापड बाजूला केलं. आयोडीननं सगळं पिवळं झालं होतं, आणि त्या पिवळ्यात रेघ निळीच होती.

सगळे सांगतात, पाय तरीही गेलाच असता. इन्फेक्शन होतं, वय होतं, बायपासही फसतात. असेल. मला ते कधीच कळणार नाही, आणि तसं मानून घ्यायची सोयही मला नको आहे.

महिन्याभरानं सर आमच्या घरी आले. मी बोलावलं नव्हतं. भटवाडीच्या पायऱ्या चढून, धापा टाकत, टॉवेलनं तोंड पुसत दारात उभे राहिले. बाबांना म्हणाले, "उजवा पाय बघायला आलोय. मोजा काढा." खाली बसल्यावर त्यांची नजर डाव्या बाजूला गेली.

"गुडघा ठेवलाय?"

"ठेवलाय, सर."

"चांगला सर्जन आहे मग. नकली पाय नीट बसेल." त्यांनी बाबांचा उजवा पाय मांडीवर घेतला. "कागद वाचला नसेल. वाचत नाहीतच ते. पण रेघ? रेघ तर समोर होती गं. ती कशी दिसली नाही?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी सरांच्या खिशावरच्या डागाकडे बघत म्हणाले, "पुसली गेली होती, सर. तापात घाम खूप यायचा."

सरांनी खिशातून मार्कर काढला, टोपण उघडून डोळ्यांजवळ धरला, नाकाजवळ नेला. तीस वर्षांत त्यांनी डॉक्टर, मशीनं, मालक, सरकार, सगळ्यांना दोष दिला होता. स्वतःला कधी दिला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "शाई कच्ची निघाली म्हणजे. माझीच चूक. मी तपासायला हवी होती." मग त्यांनी बाबांच्या उजव्या पावलावर रेघ ओढली, आणि ती वाळल्यावर तिच्यावरून परत एकदा ओढली.

ते खाली उतरून गेल्यावर बाबा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

"शाय बरी होती गो," ते म्हणाले.

सर सेंटरमधून गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला आत हाक मारली. टेबलावर सहा-सात निरनिराळे मार्कर मांडले होते. सरांनी खुर्चीवर बसून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मोजे काढलेले होते. म्हाताऱ्या, केस गळालेल्या नडगीवर शेजारी शेजारी रेघा, आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरात तारीख. काही फिकट, काही अर्ध्या उडालेल्या. रोज साबणानं घासून, उन्हात चालून, घाम काढून ते बघत होते.

"ही बघ," शेवटच्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "नऊ दिवस झाले. जरासुद्धा हललेली नाही. तुझ्या वडलांच्या वेळी ही असती ना, तर पाय वाचला असता."

"हो, सर," मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.